केसभर उंच

फिलिंग झालं की माणूस खुर्चीतून उठायच्या आधी एकच वाक्य बोलतो. "डॉक्टर, उंच लागतंय." मामलेदार असो की भाजीवाली, वाक्य तेच. तेहतीस वर्षं मी ते ऐकतेय. मग मी निळ्या कागदाची पट्टी दातांत धरायला देते, "टक टक करा" म्हणते, जिथे निळा ठिपका उमटतो तिथे बर, म्हणजे घासायचं फिरतं टोक, टेकवते आणि भुर्रकन घासते. पुन्हा टक टक. "आता?" "आता बरंय." दोन मिनिटांचं काम. या दोन मिनिटांच्या कामाने माझा नवरा गेला.

थांबा, नीट सांगते. मी डॉ. हेमांगी सुतार, मिरजेत दातांचा दवाखाना आहे माझा. दवाखाना वरच्या मजल्यावर, आणि खाली जयवंतचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान. पेट्या म्हणजे हार्मोनियम. मी डॉक्टर आणि हा पेटीवाला, तेव्हा लग्नात आमच्या मावश्या तोंडाला पदर लावून "नाकापेक्षा मोती जड गं बाई" म्हणाल्या होत्या. जयवंतला ते कळलं. तो म्हणाला, "खरंय मावशी, पण नाक माझं मजबूत आहे." त्या दिवसापासून त्याने मला हेमांगी म्हणून हाक मारली नाही. डॉक्टरीणबाई!

त्याचं काम मला फार आवडायचं, कारण ते माझ्यासारखंच होतं. पेटीच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. पट्टी टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. पण दोन्हीकडून घासत बसलं की पट्टी मरते. "घासलेलं परत येत नाही," हे तो हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायचा. "केसभर आधी थांबायचं."

आणि त्याची ऐकायची तऱ्हा वेगळीच होती. त्याच्याकडे वीतभर लांबीची सागाची काडी होती. तिचं एक टोक पेटीच्या लाकडाला टेकवायचा आणि दुसरं टोक दाढांत घट्ट धरायचा. दोन पट्ट्यांचे सूर जुळत नसले की आवाजात लाटा येतात, वँव-वँव-वँव अशा. कानाला त्या ऐकू येईनाशा झाल्या तरी दातातून, हाडातून येतात. त्याच्या त्या काडीमुळे पुण्या-बेळगावाहून पेट्या मिरजेला यायच्या.

खोडी एकच. काम करताना गालात गुळाचा खडा. तीस वर्षं बायको दातांची डॉक्टर, आणि याच्या गालात गूळ! शेवटी व्हायचं तेच झालं. खालच्या डाव्या दाढेला कीड लागली, चांगला खड्डा पडला.

तेव्हा जागल्या नवीन आला होता. कंपनीने त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, पण मिरजेत ते कोण घेतो? गावात पूर्वी रात्री जागून पहारा करणारा जागल्या असायचा, तेच नाव लोकांनी या फिलिंगला दिलं आणि ते चिकटलं.

त्याची गोष्ट साधी आहे. रक्तात जे जे असतं त्याचा थोडा थोडा अंश लाळेत उतरतो. काही आजार सुरू होताना शरीरात वेगळी प्रथिनं तयार होतात, आणि माणसाला काही जाणवायच्या कितीतरी महिने आधी ती लाळेत येतात. जागल्याच्या वरच्या थरात या प्रथिनांच्या मापाचे अतिसूक्ष्म साचे असतात. ज्याचा साचा त्यातच ते प्रथिन बसतं, दुसरं बसत नाही. पुरेसे साचे भरले की थरातून वाहणारी वीज बदलते. थराखाली राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान चिप असते, ती हा बदल ओळखते. रविवारी फोन गालाला लावायचा. फोनच तिला क्षणभर वीज देतो आणि वाचतो. हिरवा ठिपका आला तर ठीक, लाल आला तर डॉक्टर गाठा. सात आजार पकडायचा तो, त्यांतले चार कॅन्सर.

तो थर मात्र तीन केसांइतकाच जाड. म्हणून कंपनीचा नियम होता की जागल्या वरून घासायचा नाही. उंच लागला तर समोरचा दात किंचित घासा, नाहीतर पेशंटला पंधरा दिवस कळ काढायला सांगा. ते खरंही आहे. दात बिचारा आपोआप दबून जागा करून घेतो. चुकून थर घासला गेलाच, तर फिलिंग काढून नवीन बसवा.

त्याच आठवड्यात मी निवृत्त शिक्षक कवठेकर मास्तरांना जागल्या बसवला होता. बाप रे, काय तो थयथयाट! "अहो, भाकरी चावता येईना! तुम्ही डॉक्टर आहात की गवंडी?" मी पण ठणकावलं, "मास्तर, पंधरा दिवस कळ काढा. हात लावणार नाही म्हणजे नाही." ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! मास्तर पाय आपटत जिना उतरले.

आणि चौथ्या दिवशी खुर्चीत जयवंत.

"डॉक्टरीणबाई, ओळखीचं गिऱ्हाईक आहे म्हणून जास्त कोरू नका हं."

"तोंड उघड. एरवी बंद होत नाही ते, आज उघड की."

फिलिंग झालं. फिलिंग कडक व्हायला निळा दिवा मारला, थर चकाकला, शिंपल्याची आतली बाजू चकाकते तसा. सुंदर काम झालं होतं, खोटं कशाला बोलू! जयवंतने दात मिटले आणि तोंड वाकडं केलं.

"उंच लागतंय गं."

"सगळ्यांनाच लागतं. पंधरा दिवस थांब."

त्याने खिशातून काडी काढली, दाढांत धरली आणि दुसरं टोक खुर्चीच्या हातावर टेकवलं. काडी दातांत हलत होती. "हे बघ, नाचतेय. लाटा कुठून ऐकू येणार? अगं, पंधरा दिवसांवर उरूस आलाय. खाली बावीस पेट्या पडल्यात."

उरुसात गाण्याच्या सभा असतात, त्याआधी त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. हे मला माहीत होतं. वरची दाढ घासता आली असती, नियम तेच सांगत होता. पण ती दाढ अठ्ठावन्नाव्या वर्षीही ठणठणीत. चांगल्या दाताला हात लावायचा नाही, हे आमच्या सरांनी कॉलेजात पहिल्याच वर्षी बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं. मी एवढासा विचार केला. तीन केसांतला अर्धा केस गेला तर काय बिघडतंय?

निळा कागद दिला. टक टक. भुर्र.

"आता?"

"अजून केसभर."

पुन्हा भुर्र. "आता?"

"थोडंसं. अगदी केसभर."

असं चार वेळा झालं. चौथ्यांदा त्याने काडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! बसली." अर्धं तोंड बधिर, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळतेय आणि हा हसतोय. "काय डॉक्टरीणबाई, मास्तरांना पंधरा दिवस रडवता आणि मला लगेच?"

मी त्याचं तोंड पुसलं. "तू काय लोक आहेस का?" म्हणाले.

रविवारी फोन त्याच्या गालाला लावला. हिरवा ठिपका आला. ठिपका आला म्हणजे थर शाबूत आहे, असं मी धरलं, आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

दर रविवारी पोहे झाले की तो गाल पुढे करायचा. हिरवा. "जागल्या जागाय," म्हणायचा आणि खाली जायचा. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती, मुलगी केतकी कोल्हापुरात वकिली करत होती, दोघांचेही हात चालत होते. मी सुखात होते हो. आता आठवलं की त्या सुखाचीच चीड येते.

आठव्या महिन्यात मास्तरांचा ठिपका लाल झाला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, अगदी कोवळा. स्वादुपिंड पोटात खोल, पाठीला टेकून असतं. तिथलं दुखणं जाणवायला लागतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. मास्तरांना तर काहीच होत नव्हतं. ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली. तीन महिन्यांनी मास्तर पेढ्यांचा पुडा घेऊन जिना चढून आले.

"डॉक्टर, तुम्ही गवंडी नाही हो, तुम्ही देव आहात."

"मास्तर, तेव्हा घासलं असतं ना, तर आज पेढे मिळाले नसते मला," मी तोऱ्यात म्हणाले. जयवंत शेजारीच उभा होता. त्याने पेढा तोंडात टाकला आणि अर्धा पुन्हा हातात काढून ठेवला. गोड नको वाटतंय म्हणाला.

हे मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गुळाचा डबा दोन-दोन महिने भरलेलाच असतो, हेही पाहिलं. पाठ दुखते म्हणाला, तर म्हटलं, जन्मभर पेटीवर वाकून बसतोस, दुखणारच. विजार कमरेला ढिली झाली, तर मी बाई आनंदाने म्हणाले की पोट उतरलं एकदाचं. केतकी दिवाळीला येऊन गेली आणि पुढच्या रविवारी तिचा फोन आला.

"आई, बाबा किती वाळलेत! सगळ्या तपासण्या करून घे त्यांच्या. उद्याच्या उद्या."

"अगं, आत्ताच जागल्या बघितला, हिरवा आहे. ॲसिडिटी आहे त्याची, दुसरं काही नाही."

"नक्की ना?"

"मी डॉक्टर आहे की तू?"

शेवटी पाहिलं ते मास्तरांनी. जानेवारीत स्वतःची जुनी पेटी दुरुस्तीला घेऊन दुकानात आले आणि तिथूनच ओरडले, "डॉक्टर, खाली या! जयवंतरावांचे डोळे पिवळे दिसतायत." मी धावत खाली गेले. दिवसाच्या उजेडात नवऱ्याचे डोळे बघितले. हळदीसारखे होते. रोज समोर बसून जेवणाऱ्या बायकोला जे दिसलं नाही, ते बाहेरच्या माणसाला दिसलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

स्वादुपिंडच. गाठ यकृतापर्यंत गेली होती. हॉस्पिटलातले डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. कागद खालीवर करत म्हणाले, "मॅडम, वर्षभरापूर्वी कळलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं. जागल्या नव्हता का यांना?"

"आहे," मी म्हणाले. "हिरवा आहे."

केतकी कोर्टातून तशीच आली, काळा कोटही न काढता. बापाच्या पायाशी बसून रडली, मग डोळे पुसून उठली. "ही कंपनी मी सोडणार नाही. आई, ते फिलिंग तपासायला लागेल. आधी तू नीट बघ, फोटो काढ, मग बाहेरच्या लॅबला देऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जयवंतला हाताला धरून वर आणलं आणि खुर्चीत बसवलं. भिंगाचा चष्मा लावला, निळा दिवा दाढेवर धरला. कडेने शिंपल्याची चकाकी दिसत होती, गोल कंगोऱ्यासारखी. मध्ये काहीच नव्हतं. मध्ये नुसतं खालचं पांढरं सिमेंट.

फोन गालाला लावला तर हिरवा ठिपका आला. तेव्हा सगळं कळलं. थराला तडा गेला तर चिपला कळावं म्हणून कंपनीने कडेने एक बारीक तार फिरवली होती. तडा गेला की तार तुटते आणि ठिपकाच येत नाही. पण मधला थर कोणी अलगद, सफाईदार हाताने घासून काढेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. कड शाबूत, तार शाबूत. साचेच नाहीत, म्हणून साच्यात काही अडकत नाही. चिप आपली दर रविवारी इमानाने सांगतेय की काही सापडलं नाही.

"काय झालं गं?" जयवंतने विचारलं. "गप्प का झालीस?"

"थर नाहीये जयवंत. मी घासला तो. त्या दिवशी."

मग बाजूचा पेला घेऊन त्याने चूळ भरली, नीट थुंकली, तोंड पुसलं.

"मी म्हणालो ना, अजून केसभर."

"हो."

"पण डॉक्टर तू होतीस ना गं."

एवढंच बोलला. कठड्याला धरून एकेक पायरी उतरून खाली गेला. दोन दिवस माझ्याशी 'पाणी दे' आणि 'नको' यापलीकडे बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालून हाक आली. "डॉक्टरीणबाई, जरा खाली या."

दुकानात मास्तरांची पेटी उघडून ठेवली होती. एका हाताने भाता हलवत होता, दुसऱ्या हातात कानस. काडी पेटीवर पडलेली. "दाढांत जोरच राहिला नाही. धरवत नाही. तू धर."

मी त्याच्याशेजारी खाली बसले आणि काडी दातांत धरली. तीस वर्षांत मी ती कधी धरली नव्हती. त्याने सूर वाजवला, आणि काय सांगू, माझ्या डोक्यात आवाज भरला! कवटीच वाजत होती जणू. वँव-वँव-वँव-वँव.

"लाटा येतात?"

मी मान हलवली. त्याने पट्टी काढून कानस दोनदा फिरवली, पुन्हा बसवली.

"आता?"

लाटा लांब झाल्या. पुन्हा दोनदा घासलं, आणखी लांब झाल्या. मी काडी काढून म्हणाले, "अजून आहे एक. अगदी संथ."

"राहू दे," तो म्हणाला आणि कानस खाली ठेवली. "तेवढं राहू द्यायचं असतं. वाजवून वाजवून पट्टी आपली आपण बसते. आपण केसभर आधी..."

बोलता बोलता थांबला. मी खाली मान घालून रडायला लागले, काडी हातात गच्च धरून. त्याने मला उगी केलं नाही, क्षमा केली असंही म्हणाला नाही. नुसता पितळेच्या चुऱ्याने भरलेला हात माझ्या डोक्यावर ठेवून बसला. मग म्हणाला, "केतकीला सांगू नकोस. बाप जाणारच आहे तिचा. आई तरी राहू दे तिला."

मी कबूल केलं. त्यानंतर तो एक्केचाळीस दिवस होता. मास्तरांची पेटी ही त्याने जुळवलेली शेवटची पेटी. फाल्गुनातल्या एका सकाळी, मी ऊन पाण्याने त्याचे दात पुसत असताना तो गेला.

तेरावा झाला. पाहुणे गेले आणि केतकीने जेवणाच्या टेबलावर कागद मांडले. कंपनीला द्यायची नोटीस तयार होती. सोबत माझं प्रतिज्ञापत्र.

"फिलिंग नियमाप्रमाणे बसवलं, वरून घासलं नाही. एवढंच लिहिलंय, आई. इथे सही कर."

मी पेन उचललं. समोर पोरीचा चेहरा, रडून सुजलेला आणि माझ्यावर पूर्ण भरवसा ठेवून बसलेला. सही केली की ती माझी राहणार होती. जयवंतला कबूल केलंच होतं. पण डोळ्यांसमोर तो हिरवा ठिपका येत होता. माझ्यासारखे किती डॉक्टर असतील? किती गालांत असे हिरवे ठिपके असतील, दर रविवारी निर्धास्त करणारे? मी गप्प बसले तर ती माणसंही पिवळी होईपर्यंत पोहे खात राहणार होती.

मी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. निळा कागद, चार वेळा केसभर, 'तू काय लोक आहेस का', सगळं.

केतकीने मध्ये एकदाच विचारलं. "बाबांना माहीत होतं?"

"हो. तुला सांगू नकोस म्हणाला."

ती कागद गोळा करायला लागली. एकेक कागद, कडा जुळवून. "त्या रविवारी मी फोनवर म्हणाले होते, तपासण्या कर."

"हो."

"तू म्हणालीस, हिरवा आहे. मी डॉक्टर आहे की तू, म्हणालीस. ते हिरवं तूच करून ठेवलं होतंस, आई."

तिने खाली दुकानात जाऊन बापाची काडी घेतली, आणि गेली.

मी कंपनीला लिहिलं, आमच्या दंत परिषदेला लिहिलं, माझ्या नावानिशी. मला बोलावून घेतलं, लेखी ताकीद दिली. ती फारच थोडी होती. देशभर जागले तपासले गेले. मधून घासलेले दोनशे चौदा निघाले. त्यातल्या नऊ जणांना आजार होता आणि ठिपका हिरवा होता. सहा वेळेत सापडले. पण अहवालातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. त्या दोनशे चौदांपैकी निम्म्याहून जास्त फिलिंगं डॉक्टरांच्या स्वतःच्या घरच्या माणसांच्या तोंडातली होती. नवरे, बायका, म्हाताऱ्या आया. परक्यांना सगळ्यांनी ठणकावून सांगितलं होतं, पंधरा दिवस कळ काढा.

पुढे कंपनीने मधल्या थरातूनही तार नेली. केतकीचा मात्र फोन नाही. मी केला तर उचलायची नाही. चौदा महिने गेले. मास्तर अधूनमधून येऊन बसायचे, पण माझ्याशी बोलताना नजर चुकवायचे. आपण वाचलो याचीच त्यांना लाज वाटायची बिचाऱ्यांना.

गेल्या मंगळवारी सकाळी पेशंटच्या यादीत पाचवं नाव होतं, के. जे. सुतार. मिरजेत सुतार काय थोडे आहेत? मी हातमोजे बदलत म्हणाले, "या, बसा." वळून बघते तर खुर्चीत माझी केतकी.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "खालच्या डाव्या दाढेला कीड आहे. आणि बाबांना तो कॅन्सर होता म्हणून मला जागल्या बसवून घ्यायला सांगितलंय."

"गूळ खातेस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काम करताना. गालात ठेवून."

पेटीपुढे बापाच्या मांडीत बसून लागलेली सवय. मी आरसा उचलला. "कोल्हापुरात बसवला असता कोणीही," मी म्हणाले.

"गेले होते एकाकडे. त्याला विचारलं, उंच लागला तर काय करता. म्हणाला, काळजी करू नका ताई, थोडं घासून देऊ. मी उठून आले."

मी कीड काढली, उंच लागू नये म्हणून खड्डा नेहमीपेक्षा थोडा खोल घेतला, थर बसवला, निळा दिवा मारला. मग निळा कागद दातांत दिला. "टक टक कर."

टक टक. तरीही मधोमध निळा ठिपका उमटला, चांगला गडद. तिने पर्समधून काडी काढली, दाढांत धरली. दुसरं टोक खुर्चीच्या हातावर टेकवलं. काडी हलत होती.

"नाचतेय," ती म्हणाली. मग चौदा महिन्यांनी पहिल्यांदा, "आई, उंच लागतंय."

बर माझ्या हातात होता. सवयच ती. पाय पेडलवर गेला होता.

"लागू दे," मी म्हणाले. "पंधरा दिवस."

"खूप लागतंय. डोकं भणभणतंय. थोडंसं घास ना."

"नाही."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. अगदी जयवंतचे डोळे. "मी काय लोक आहे का?"

"हो," मी म्हणाले. "या खुर्चीत आता सगळे लोकच."

तिचे डोळे भरून आले आणि पाणी कानांच्या पाळ्यांवर ओघळलं. तिने काडी दोन्ही हातांनी धरली. मग विचारलं, "बाबांना असं म्हणाली असतीस तर काय झालं असतं गं?"

"पंधरा दिवस कुरकुरला असता," मी म्हणाले. "सोळाव्या दिवशी विसरून गेला असता."

केतकी उठली, चूळ भरली, गाल दाबत चप्पल घातली. काडी पर्समध्ये ठेवली. दारात थांबून, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "पंधरा दिवसांनी दाखवायला येते. तेव्हा मी कितीही रडले तरी घासू नकोस."

जिन्यावर तिची पावलं वाजत गेली. खाली दुकानाच्या बंद दारापाशी क्षणभर थांबली, मग पुढे गेली. मी हातातला बर खाली ठेवला. पाय अजून पेडलवरच होता, तो काढला आणि सहाव्या पेशंटला आत बोलावलं.